सातवी पास सरपंच आणि पाण्याखाली गेलेलं मुळशी खोरं

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" जरा कमी केलेत.

निवडणूक जवळ आली की आपल्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. शिपायाच्या नोकरीला शिक्षणाची अट, क्लार्कला अट, शिक्षकाला तर अटींची माळच. मग मंत्र्याला एकही अट का नाही? खाली चिडक्या तोंडाचे चार इमोजी. काका पाठवतात, आत्या अंगठा दाखवते, आणि आपण वाचून पुढे जातो. पण प्रश्न काही अगदीच टाकाऊ नाही. २६ नोव्हेंबर १९४९ ला, म्हणजे घटना स्वीकारली त्या दिवशी, घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद आपल्या समारोपाच्या भाषणात जवळपास हेच बोलले होते. कायदा राबवणाऱ्याकडून आपण मोठी पात्रता मागतो आणि कायदा करणाऱ्याकडून काहीच मागत नाही, फक्त निवडून आला की झालं, याची त्यांना खंत होती. मात्र पुढे ते असंही म्हणाले की कायदा करणाऱ्याला बुद्धी लागतेच, पण त्याहून जास्त लागतं ते चारित्र्य, आणि ते मोजायची पट्टी कुणाकडे नाही.

आता या प्रश्नासाठी मी तुम्हाला दिल्लीत बसवून ठेवणार नाही. चांदणी चौकातून निघायचं, भूगाव, पिरंगुट, पौड मागे टाकायचं आणि मुळशीच्या धरणाशी थांबायचं. पावसाळ्यात तिथे आपण भजी आणि मक्याचं कणीस खायला जातो. त्या पाण्याखाली एक अख्खं खोरं आहे. उच्च पदावर बसलेल्या माणसाला किती कळायला हवं, आणि नक्की काय कळायला हवं, याचा एक मोठा धडा तिथे झालेला आहे.

साल १९२०-२१. मुंबईतल्या कापड गिरण्यांना वीज हवी होती. टाटांची खोपोलीची योजना आधीच चालू झाली होती, आंध्रा खोऱ्याची तयार होत होती, आणि १९१९ मध्ये स्थापन झालेल्या टाटा पॉवर कंपनीची नजर मुळशीवर होती. नीळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं, पूर्वेकडे वाहणारं पाणी अडवायचं, बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात भिऱ्याला सोडायचं आणि त्या उडीतून वीज काढायची. इंजिनिअरिंग म्हणून बघाल तर कल्पना जबरदस्त आहे, त्यात वाद नाही. पण या धरणात सुमारे पन्नास गावांची जमीन जाणार होती. भाताची जमीन. आंबेमोहोर पिकवणारं खोरं आहे ते.

जमीन घ्यायची कशी? तर १८९४ चा भूसंपादन कायदा होता. "सार्वजनिक हेतू" असं लिहिलं की सरकार जमीन ताब्यात घेऊ शकत होतं, कंपनीसाठीसुद्धा. मालकाची संमती लागत नव्हती. भरपाईच्या रकमेवर तो कोर्टात भांडू शकत होता, पण जमीन द्यायचीच नाही म्हणाला तर त्याला फारशी वाट नव्हती.

आणि हा निर्णय घेणारे लोक कोण होते? अडाणी अजिबात नव्हते. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड, त्यांचे आयसीएस अधिकारी, कंपनीचे इंजिनिअर. सगळ्या हिंदुस्थानात त्या काळी याहून जास्त शिकलेली टोळी शोधून सापडली नसती. (टोळी हा शब्द प्रेमानेच वापरलाय.) नकाशे, पावसाचे आकडे, वाचणाऱ्या कोळशाचा हिशोब, सगळं त्यांच्याकडे होतं. कुठल्या वाडीतली बाई पाणी कुठून आणते, वरकस जमिनीवर कुणाची गुरं चरतात, आणि गाव उठलं तर दुसरीकडे भाताची खाचरं तयार व्हायला किती पिढ्या लागतील, हे मात्र त्यांना कोण सांगणार?

तुम्ही म्हणाल, लोकांचे प्रतिनिधी असतील ना. होते. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर नोव्हेंबर १९२० मध्ये प्रांतिक कायदेमंडळांच्या निवडणुका झाल्या होत्या. काँग्रेसने त्यावर बहिष्कार टाकला होता ही गोष्ट वेगळी. मुद्दा असा की मताचा हक्क लोकसंख्येतल्या अगदी थोड्यांना होता, आणि खेड्यात तो मुख्यतः शेतसाऱ्यावर ठरायचा. आता मुळशी खोऱ्यातली बरीच जमीन पुण्यातल्या सावकार-जमीनदारांच्या नावावर होती. कसणारा मावळा कूळ. म्हणजे ज्याच्याकडे कागद त्याच्याकडे मत, आणि ज्याला बांधावरचा प्रत्येक दगड माहीत तो मतदार यादीच्या बाहेर. त्यातही निवडून आलेल्या मंत्र्यांकडे महसूल खातं नव्हतंच. द्विदल पद्धतीत ते "राखीव" खातं होतं, गव्हर्नरच्या माणसांच्या ताब्यात. आणि मालक म्हणून ज्यांचं म्हणणं ऐकलं जात होतं, त्या सावकारांपैकी अनेकांना रोख भरपाई चांगलीच वाटत होती. त्यांचं घर बुडणार नव्हतं.

मग १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे आणि त्यांच्या बायका धरणाच्या कामावर जाऊन बसले. घोषणा होती "जान किंवा जमीन". मुळशी सत्याग्रह तो हाच. धरणाच्या विरोधातला जगातला पहिला संघटित लढा असं त्याचं वर्णन राजेंद्र व्होरा यांनी आपल्या पुस्तकाच्या नावातच केलं आहे.

इथे गोष्ट जरा गुंतागुंतीची होते, आणि मला ती त्यामुळेच आवडते. कारण "खेड्यातला अडाणी शहाणा आणि शहरातला शिकलेला मूर्ख" असं सरळ गणित मांडायचा मोह होतो. तसं नव्हतं. लढ्याचे पुढारी शिकलेलेच होते. पांडुरंग महादेव बापट, पारनेरचे, डेक्कन कॉलेजचे, स्कॉलरशिपवर एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेलेले. तिकडून बॉम्ब बनवायची विद्या घेऊन आले, तो वेगळ्या एपिसोडचा विषय. "सेनापती" ही पदवी त्यांना मुळशीमुळेच मिळाली. दुसरे विनायकराव भुस्कुटे, पुण्याचे, ज्यांनी पुढे या सत्याग्रहाचा इतिहास लिहून ठेवला. तिसरे शंकरराव देव. नोटिशीत काय लिहिलंय, कायद्याचं कलम काय म्हणतं, अर्ज कुणाकडे करायचा, हे खोऱ्यातल्या माणसाला वाचून दाखवणारं कुणीतरी लागत होतंच. फरक एवढाच की ही मंडळी खोऱ्यात जाऊन राहिली, गावोगाव फिरली आणि लोकांकडून आधी ऐकून घेतलं.

काम काही महिने थांबलं. गांधीजींनी "यंग इंडिया"त लिहिलं की टाटांनी कायदेशीर हक्कावर अडून बसू नये, लोकांशीच बोलावं. एका गरीब माणसालाही नको असताना लादलेल्या योजनेच्या फायद्यांची किंमत काय, असा त्यांचा सवाल होता. पुढे काम पुन्हा सुरू झालं, अटका झाल्या, तुरुंगात शंकरराव देवांना फटके बसले. सावकार आणि कुळं यांच्यातली फट रुंदावत गेली, भरपाई घेणारे वाढले, शहरातल्या पुढाऱ्यांचा उत्साह ओसरला. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी मोजक्या साथीदारांसह कामावरची रेल्वेगाडी अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ ला भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. गावं गेली.

एक छोटं वळण घेतो, पण विषयातच आहे. याच लॉइडसाहेबांच्या काळात मुंबईत बॅकबे इथे समुद्र बुजवायची प्रचंड योजना निघाली. तिथेही सगळे तज्ज्ञच होते. ड्रेजर, अंदाजपत्रकं, साहेबी सह्या. खर्च हाताबाहेर गेला, टाकलेला गाळ समुद्र परत नेऊ लागला, आणि लोक त्या योजनेला "लॉइडचा मूर्खपणा" म्हणू लागले. हे उघडं कुणी केलं? खुर्शेद नरिमन नावाच्या निवडून आलेल्या एका सदस्याने. ते वकील होते, इंजिनिअर नव्हते. त्यांनी प्रश्न विचारले, कागद मागितले, आणि हार्वे नावाच्या सरकारी इंजिनिअरने अब्रुनुकसानीचा खटला भरला तर तोही लढले आणि १९२८ मध्ये निर्दोष सुटले. नरिमन पॉइंट हे नाव त्यांचंच. समुद्र कसा बुजवायचा हे नरिमनना माहीत नसेल. पण "हा आकडा कुठून आला?" हे न लाजता विचारता येणं, हेसुद्धा पदाला लागणारं ज्ञानच आहे, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्मीळ.

आता १९२९ वर येऊ. सायमन कमिशनच्या निमित्ताने मुंबई इलाख्याच्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. बाकीच्यांशी न पटल्याने त्यांनी स्वतःचा वेगळा अहवाल दिला आणि त्यात प्रत्येक प्रौढ माणसाला मत मागितलं. तेव्हा साक्षरतेची अट घाला म्हणणारे पुष्कळ होते. बाबासाहेबांचं उत्तर असं की हे लोक दोन चुका करतात. निरक्षर माणूस म्हणजे बुद्धी नसलेला, हे धरून चालतात ही एक. आणि लिहितावाचता आलं की त्याच्याकडे निरक्षरापेक्षा जास्त शहाणपण आपोआप आलं, हे मानतात ही दुसरी. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या ज्याच्याकडे आहेत तो माणूस हे लिहितोय, हे लक्षात घ्या. शाळेचं दार ज्यांना शतकानुशतकं बंद ठेवलं, त्यांनाच "तुम्ही शिकलेले नाहीत" म्हणून मतपेटीपासून दूर ठेवायचं, यातली लबाडी त्यांना स्पष्ट दिसत होती.

घटनेत शेवटी शिक्षणाची अट आलीच नाही. आमदार, खासदार व्हायला नागरिकत्व, वय आणि शपथ. विधानसभा-लोकसभेला २५ वर्षं, राज्यसभेला ३०. पुढे १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत मुंबईतून खुद्द बाबासाहेब हरले. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. घटना लिहिणारा माणूस लोकांनी पाडला म्हणून लोकांना नावं ठेवणं सोपं आहे. मला तर त्या निकालांकडे बघून वाटतं की मतदार ज्ञान तपासतच नसतो. तो बघतो पक्ष, लाट, जात, ओळख आणि आपलं काम कोण करील.

आणि मग वसंतदादा पाटील येतात. सांगलीचे. शाळा फारशी झाली नाही, कॉलेज तर नाहीच. १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून पळाले, गोळी लागली. नंतर साखर कारखाना उभा केला आणि पुढे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या इंग्रजीवर विनोद करणारे तेव्हाही होते. १९८३ मध्ये याच माणसाच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी राज्यात जागा मोजक्या, आणि मार्क थोडे कमी पडले की पोरं बाहेरच्या राज्यात पैसे भरून शिकायला जायची. त्या एका निर्णयानंतर गावोगावची मुलं इंजिनिअर झाली. ती आज कुठे काम करतात? बरीचशी हिंजवडीत. आणि हिंजवडी कुठल्या तालुक्यात? मुळशी. ज्यांची बस आत्ता हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली असेल त्यांनी जरा हसून घ्या. त्या निर्णयातून फीचा बाजार आणि शिक्षणसम्राटही आले, ते मी लपवत नाही. पण हे सगळं डिग्री असलेल्या मुख्यमंत्र्याने टाळलं असतं, असं म्हणायला पुरावा काय?

एवढा इतिहास झाल्यावर आता अलीकडे येऊ, कारण अट शेवटी आली, फक्त चुकीच्या मजल्यावर आली. राजस्थानने २०१४ च्या शेवटी पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली. हरियाणाने २०१५ मध्ये घातली: साधारण उमेदवाराला दहावी, स्त्रियांना आणि दलितांना आठवी, पंचपदासाठी दलित स्त्रियांना पाचवी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १० डिसेंबर २०१५ ला राजबाला खटल्यात न्यायालयाने अट वैध ठरवली. बरंवाईट ओळखायची ताकद शिक्षणच देतं, अशा आशयाचं त्यात म्हटलं आहे. बाबासाहेबांनी १९२९ मध्ये सांगितलेली पहिली चूक आठवली का? राजस्थानने २०१९ मध्ये आपली अट काढून टाकली.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये थेट सरपंच निवड आणली आणि सोबत अट: १ जानेवारी १९९५ ला किंवा नंतर जन्मलेला उमेदवार किमान सातवी पास हवा. थेट निवड २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. आपली अट हरियाणापेक्षा सौम्य आहे, हे मान्य करू. १९९५ नंतर जन्मलेल्याला शाळा मिळायला हवी होती, आणि आज्जीबाईंना तिने अडवलेलं नाही. पण विचार करा. धनगरवाड्यावरची किंवा कातकरी वस्तीवरची एखादी मुलगी, वीटभट्टीच्या हंगामात आईबापांबरोबर गेली, शाळा चौथीत सुटली. तिला शाळेत टिकवायचं काम कुणाचं होतं? सरकारचं. ते झालं नाही म्हणून निवडणुकीला उभं राहता येणार नाही कुणाला? तिला. आणि हीच मुलगी आमदारकीला, खासदारकीला उभी राहू शकते. मुख्यमंत्रीसुद्धा होऊ शकते! फक्त स्वतःच्या वाडीची सरपंच होऊ शकत नाही. ज्यांच्या हातात कायदा करायची सत्ता आहे त्यांनी परीक्षा बसवली, पण स्वतःला त्यातून वगळलं. फॅमिली ग्रुपवरच्या मेसेजचा राग असायला हवा तो इथे.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही कमेंटमध्ये धराल. आजच्या सरपंचाला कागद कळायलाच लागतो. मुळशीसारख्या तालुक्यात तर फारच. इथे जमिनीला सोन्याचा भाव आला, एजंट आले, फार्महाऊस आले, लवासासारखा अख्ख्या शहराचा प्रकल्प आला आणि त्यावर नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली. २०१८ चा "मुळशी पॅटर्न" तुम्ही पाहिलाच असेल. जमीन विकून हातात आलेला पैसा संपल्यावर काय होतं, त्याचीच ती गोष्ट. सातबारा, फेरफार, एनए, वित्त आयोगाचा निधी, ई-टेंडर यातलं काहीच समजत नसेल, तर सही सरपंचाची आणि निर्णय ग्रामसेवकाचा किंवा ठेकेदाराचा. बाई सरपंच असेल तर नवऱ्याचा. हे होतं, आणि आपण सगळे ते बघतो.

पण सातवीच्या पुस्तकात सातबारा वाचायला शिकवतात का? तुम्ही पदवीधर असाल, तर विचारा स्वतःला: फेरफार म्हणजे काय, सांगता येईल? हे शिकवायची जागा निवडून आल्यानंतरची आहे. पुण्यात यशदा आहे, पंचायतीच्या सदस्यांसाठी तिथून प्रशिक्षणं चालतात. ती पहिल्या सहीच्या आधी व्हावीत, आणि आमदारांनाही हाच नियम लावावा, अशी अट कुणी आणली तर मी पहिला टाळ्या वाजवीन.

१८९४ चा तो भूसंपादन कायदा किती वर्षं टिकला माहितीये? नवा कायदा २०१३ मध्ये झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. म्हणजे जवळजवळ १२० वर्षं. स्वातंत्र्यानंतर कितीतरी बॅरिस्टर, प्राध्यापक, अर्थतज्ज्ञ मंत्री झाले, आणि तरी तो कायदा मूळ चौकटीतच चालू राहिला. नव्या कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची आधी संमती लागते, आणि लोकांच्या जगण्यावर काय परिणाम होईल याचा अभ्यास करताना ग्रामपंचायतीशी सल्लामसलत करावी लागते. आम्हाला विचारा, हे मुळशीच्या कुळांनी १९२१ मध्येच सांगितलं होतं. त्यांच्यातल्या बहुतेकांना सही करता येत नव्हती.

आता तुमच्या फोनवरचं एक काम. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे विधानसभा-लोकसभेच्या प्रत्येक उमेदवाराला शिक्षण, मालमत्ता आणि गुन्हे शपथपत्रात लिहून द्यावे लागतात. निवडणूक आयोगाच्या साइटवर ते दिसतात. मुळशी तालुका भोर विधानसभेत येतो. तिकडचे असाल तर भोरचे उमेदवार काढा, नसाल तर तुमच्या मतदारसंघाचे. शिक्षणाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा, आणि मग त्याच व्यक्तीने गेल्या पाच वर्षांत सभागृहात कुठले प्रश्न विचारले ते शोधा. दुसरं शोधायला जास्त वेळ लागतो, चहा घेऊन बसा.

तुमच्या गावच्या सरपंचपदाच्या उमेदवाराला एकच प्रश्न विचारायची संधी मिळाली तर कुठला विचाराल, ते व्हॉइस नोटवर पाठवा. निवडक प्रश्न पुढच्या भागात ऐकवू. पुढच्या भागात आपण घाट उतरून खाली भिऱ्याला जातोय: मुळशीचं पाणी कोकणात पोचल्यावर तिथल्या गावांचं काय झालं, त्याची गोष्ट. तोवर, भेटू.